पिल्लू बसणार कुठे, हे आधी विचारणाऱ्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता आणि "सगळ्यांनी खाल्लं का?" असं विचारता. म्हणून हे उघड पत्र. तुम्ही मला जे शिकवलंत ते परळ ते डोंबिवली एवढ्यातच राहू नये, असंही मनापासून वाटतं.

आमच्या ग्रीन ट्री पायथनच्या, म्हणजे झाडावर राहणाऱ्या परदेशी हिरव्या अजगराच्या, मादीने अंड्यांभोवती वेटोळं घातलं आणि मी पिल्लांसाठी रॅक, म्हणजे प्लास्टिकचे टब सरकवून ठेवायची कप्प्यांची मांडणी, शोधायला लागलो. तेव्हा कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही पहिल्यांदा मागितलेत ते जोडीचे कागद. परदेशी प्राण्यांची नोंद होते त्या सरकारी परिवेश पोर्टलवरची नोंदणी बघितलीत, पिल्लं जन्मली की त्यांचीही नोंद करायची हे माझ्याकडून कबूल करून घेतलंत आणि मगच पुढचं बोलणं झालं. हरणटोळ, रुका हे आपले झाडावरचे साप पाळायचे नाहीतच, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे, कुठे अडचणीत सापडलेले दिसले तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवायचं, हेही त्याच दमात सांगितलंत. नव्या माणसाशी तुम्ही सुरुवात इथूनच करता, याबद्दल मला तुमचा फार आदर वाटतो.

मी तुम्हाला एका तयार रॅकचा फोटो पाठवला होता. बॉल पायथन या जमिनीवरच्या अजगरासाठी बनवलेला, टब अपारदर्शक, प्रत्येक टबाखाली हीट टेप (विजेवर गरम होणारी पट्टी) आणि वरचा कप्पा हेच खालच्या टबाचं झाकण. भाव परवडणारा, जागाही कमी खाणारा. तुम्ही एकच विचारलंत, "पिल्लू बसणार कुठे?" दांडीवर, मी म्हणालो. "मग खालची ऊब कुणासाठी?" सगळी निवड त्या एका प्रश्नावर ठरली. जमिनीवर राहणारा साप पोटाखालून ऊब घेतो. ट्री पायथनचं पिल्लू दिवसभर दांडीवर वेटोळं टाकून हवेत बसतं, त्यामुळे त्याच्या बाजूची हवा उबदार हवी. म्हणून हीट टेप पाठीमागच्या फळीवर लावायची आणि थर्मामीटर दांडीच्या उंचीवर धरायचा. मागच्या दांडीजवळ ३० अंश, पुढच्या दांडीजवळ २६, म्हणजे पिल्लाला हवं तिथे सरकता येतं.

एवढ्याशा बुटक्या टबात झाडावरचा साप ठेवणं मला आतून खटकत होतं. तुम्ही त्या शंकेला हसला नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कमध्ये झालेला अभ्यास तुम्ही समजावून सांगितलात. तिथली ट्री पायथनची पिवळी पिल्लं झाडांच्या घनदाट छताखाली फारशी जात नाहीत, जंगलाच्या मोकळ्या जागांत, जमिनीपासून थोड्याच उंचीवर शिकार करतात. साधारण ५५ सेंटिमीटरची झाली की हिरवी होतात आणि मग वर, पानांत जातात. पहिल्या वर्षाला बुटका टब का चालतो आणि पुढे का चालत नाही, हे मला एकदम कळलं.

मग एका रविवारी तुम्ही लोकलच्या गर्दीतून एक जुना टब आणि पीव्हीसीच्या दोन चौकटी घेऊन आलात. त्या चौकटी मी अजून नीट जपून ठेवल्या आहेत. खाली दोन पाय, वर आडवी पातळ दांडी, जाडी पिल्लाच्या अंगाएवढीच. चौकट टबाला चिकटवायची नाही, सुटी ठेवायची. टब साफ करताना दांडीसकट पिल्लू उचलायचं आणि दुसऱ्या टबात ठेवायचं, हात लावायचाच नाही. या वयात त्यांचा कणा इतका नाजूक असतो की वेटोळं ओढून सोडवताना शेपटीला कायमचा बाक येऊ शकतो. तुम्ही चौकट इतक्या सावकाश उचलून दाखवलीत की तो वेग माझ्या हातात आजही आहे.

हवेच्या बाबतीत तुमचं मुंबईचं गणित मला कुठल्याच परदेशी सल्ल्यात सापडलं नसतं. तिकडे सगळे ओलावा टिकवायच्या मागे असतात. आपल्याकडे जुलैत भिंतीसुद्धा ओल्या असतात, इथे प्रश्न कोंदट हवेचा. तुम्ही टबाच्या समोरासमोरच्या बाजूंना, वरच्या अंगाला भोकं पाडायला लावलीत, तीही सोल्डरिंग आयर्नने, म्हणजे कडा वितळून गुळगुळीत होतात. पावसाळ्यात सगळी उघडी ठेवायची, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या रात्रींत काही चिकटपट्टीने बंद करायची. पाणी संध्याकाळी फवारायचं, दुसऱ्या दुपारपर्यंत टब सुकलाच पाहिजे. फवारल्यावर पिल्लू मान वळवून स्वतःच्याच वेटोळ्यांवर साचलेले थेंब पितं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी फवाऱ्याची बाटली हातात धरून तसाच उभा राहिलो होतो.

टबाला स्वतःचं झाकण हवं, हा तुमचा आग्रह मला आधी जादा वाटला होता. पण कप्प्याचं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि डोकं जाईल एवढ्या फटीतून अख्खं पिल्लू जातं. झाकणाचा टब बाहेर काढून थेट खिडकीच्या उजेडात बघताही येतो. आणि मुंग्या! जुन्या घरांत दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तशा तुम्ही रॅकच्या चारही पायांखाली ठेवायला लावल्यात. लाल मुंगी एका रात्रीत एवढ्याशा पिल्लाचं काय करू शकते हे तुम्ही सांगितलंत, तेव्हापासून त्या वाट्या कोरड्या पडलेल्या नाहीत.

खाण्याबद्दल थोडक्यात लिहितो. अंधार पडल्यावर, कोमट केलेली पिंकी, म्हणजे उंदराचं नवजात पिल्लू, चिमट्याने शेपटीजवळ हलवायची, जमेपर्यंत घाई नाही. सगळ्यांत हट्टी निघालेलं विटकरी पिल्लूही आता स्वतःहून झेप घेतं.

या सगळ्याबद्दल तुम्ही प्रवासखर्चसुद्धा घेतला नाहीत. तुमच्या नोकरीचा एकुलता एक सुट्टीचा दिवस माझ्याकडे जमिनीवर बसून भोकं मोजण्यात गेला, हे मी विसरणार नाही. आईही तुमची आठवण काढते.

मोठ्या पिल्लांच्या अंगावर हिरवे खवले दिसू लागलेत. आता उंच पिंजऱ्यांचं बघायला हवं. आडव्या दांड्या किती आणि कुठे, यावर तुमच्याशी बसायचंय. यावेळी डोंबिवलीला मी येतो, तुमच्या चौकटी परत घेऊन.

तुमचा ऋणी,
परळचा तुमचा धाकटा भाऊ