‘बेरीज करायची का वजाबाकी?’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बार्शीत माझं छोटं किराणा दुकान आहे, त्यामुळं शिक्षणावर बोलायचा मला तसा काही अधिकार नाही. पण रोज संध्याकाळी सहा ते आठ काउंटरच्या मागं पोत्यावर बसून माझा चौथीतला पोरगा आणि गल्लीतली अजून तीन-चार पोरं गृहपाठ करतात, ते बघून बघून जे डोक्यात साठलंय ते लिहितोय. लांबलं तर काटछाट करा.

मागच्या महिन्यातलं सांगतो. वहीत वजाबाकी होती, ५२ वजा २७. पोरानं उत्तर लिहिलं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, झालं! मोठ्यातून लहान काढायचा एवढंच डोक्यात, वर कोण आहे आणि खाली कोण ते बघायचंच नाही, हातचा वगैरे तर लांबच राहिला. मी ओरडणार तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, सत्तावीस रुपयांचं सामान, त्यांनी पन्नासची नोट आणि वर दोनचं नाणं दिलं, आणि ह्याच पठ्ठ्यानं गल्ल्यातून बरोबर पंचवीस रुपये काढून दिले, पेन नाही की कागद नाही. विचारलं कसं केलंस रे? तर म्हणे, सत्तावीसात तीन घातले की तीस, तिसात वीस घातले की पन्नास, आणि वरचे दोन त्यांचे त्यांना परत. म्हणलं अरे मग वहीत पण हेच गणित आहे की! तर माझ्याकडं असं बघितलं जसं काय मीच ढ आहे. "पप्पा, ते शाळेतलं आहे."

त्या एका वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होतो. मग कळलं की हे फक्त आमच्याच घरात नाहीये. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या पोरांवर अभ्यास केला, २०२५ मध्ये तो ‘नेचर’मध्ये आला. बाजारातली पोरं किलो-ग्रॅमचा आणि पैशाचा हिशोब तोंडी करतात, पण तेच पुस्तकातल्यासारखं कागदावर दिलं की अडकतात. आणि शाळेत जाणारी, कागदावर बऱ्यापैकी गणितं सोडवणारी पोरं बाजारातल्या हिशोबाला गडबडतात. म्हणजे दोन्हीकडं निम्मं-निम्मं गणित आणि मधे पूलच नाही.

‘असर’ म्हणजे गावाकडच्या पोरांना वाचता-मोजता किती येतं याची पाहणी, तिचा २०२४ चा अहवाल आला तेव्हा पण सगळीकडं हळहळ झाली की ग्रामीण भारतात पाचवीतल्या १०० पैकी जेमतेम ३१ पोरांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येतं. खरं म्हणजे २०२२ पेक्षा हा आकडा वाढलाय, तेव्हा २६ च्या आसपास होता, पण म्हणून काय पेढे वाटायचे का? केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान २०२१ ला सुरू झालं, तिसरीपर्यंतच्या सगळ्या पोरांना वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी याची मुदत २०२६-२७ आहे. मुदत जवळ आली की काय होतं ते आपल्याला माहितीये, पाढे घोकून घेणार, वर्कशीट भरून घेणार, फोटो अपलोड.

पण माझं म्हणणं असं आहे की दुखणं आकडेमोडीच्या आधीच सुरू होतं. शाब्दिक उदाहरण आलं की आमची पोत्यावरची मंडळी पूर्ण वाचतच नाहीत, आकडे तेवढे शोधतात आणि पहिला प्रश्न काय तर "बेरीज करायची का वजाबाकी?" आणि आपण पण लगेच सांगून मोकळे होतो, कारण आपल्याला पण जेवायला बसायचं असतं. वर क्लासमधे शिकवलेल्या युक्त्या आहेतच, ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की गुणाकार नाहीतर भागाकार, नशिबावर. मी मुद्दाम एक घातलं: राजूकडं १५ गोट्या आहेत, त्या सीमापेक्षा ६ ने जास्त आहेत, तर सीमाकडं किती? चारही जणांनी २१ सांगितलं. ‘जास्त’ दिसलं ना!

मग अजून एक गंमत केली. फ्रान्समधे १९८० च्या सुमाराला असला प्रश्न मुलांना विचारला होता, जहाजावर इतक्या मेंढ्या आणि इतक्या शेळ्या, तर कप्तानाचं वय किती, आणि बहुतेक पोरांनी आकड्यांची बेरीज करून वय सांगितलं होतं. मी आपला गावठी केला. टेंपोत १२ शेळ्या आणि ८ कोंबड्या आहेत, तर ड्रायव्हरचं वय किती? "वीस!" एकानं तर पडताळा पण दिला, म्हणे अठराच्या पुढं आहे म्हणजे लायसन मिळतं, बरोबर आहे. हसून हसून पुरेवाट झाली पण रात्री झोप लागेना.

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायचा पर्याय आला होता आणि बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंवर केवढी टीका झाली, विधानसभेत पण त्यावर विनोद झाले. खोटं कशाला बोलू, मी पण दुकानात बसून हसलो होतो. आता रोज बघतोय, ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारं पोरगं काही आळशी नसतं, त्याला पाच आधी ऐकू येतो म्हणून पाच आधी लिहितं. त्र्याण्णव आणि एकोणसत्तर तर विचारूच नका. पर्याय घ्यावा की नको हे जाणकार ठरवतील, पण बाईंनी निदान पोराच्या कानानं ऐकून बघितलं होतं.

शिक्षकांना मी दोष देत नाही. आमच्या ओळखीतल्या एका द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग दोघांत, त्यात एक मतदारयादीच्या कामाला गेला की दुसऱ्यानं चारही वर्ग सांभाळायचे. तिथं कोण कुणाला विचारत बसणार की बाळा, तू हे गणित कसं केलंस?

मी घरी आता दोनच गोष्टी करतो. गणित वाचून झालं की वही मिटवायची आणि काय घडलं ते गोष्टीसारखं सांगायचं, आकडे नाही आठवले तरी चालतील. आणि करायच्या आधी अंदाज सांगायचा. ५२ मधून २७, म्हणजे निम्म्याच्या आसपास गेले, मग उरतील किती? "पंचवीस-तीस." हे बोलल्यावर त्यानं ३५ स्वतःच खोडलं, मी काही बोललो नाही. वेळ जातो, दहा गणितांच्या जागी तीनच होतात, बायको म्हणते गृहपाठ अर्धाच राहतोय. राहू दे.

आता खरं काम. तुमच्या रविवारच्या मुलांच्या पानावर कोडी असतात आणि उत्तर त्याच पानावर खाली उलटं छापलेलं असतं. पोरं पहिलं पेपरच उलटा करतात. तेवढं उत्तर पुढच्या रविवारी देता येईल का बघा. आठवडाभर आमच्या दुकानात भांडणं होतील, चालतंय.

आपला,
एक किराणा दुकानदार, बार्शी (जि. सोलापूर)