वहीत खोडाखोड नसते

राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

प्रिय गजा,

कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीच्या ॲपबद्दल "अजून बॅकएंडच ठरला नाही काहून बे?" असं तू विचारलंस, म्हणजे नोंदी साठवणारी मागची बाजू, आणि लाइन कटली. म्हटलं, लिहूनच कळवतो.

ठरला होता रे. पायथनमधलं जँगो, मागं पोस्टग्रेसचा डेटाबेस. कॉलेजपासून हाताला बसलेलं, आणि मजुरीचा हिशोब म्हटला की टेबलं कशी चोख! चार दिवसांत उभं केलं आणि दुसऱ्या वेच्याला वावरात घेऊन गेलो.

कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगलेला, बाया कापसाची गाठोडी घेऊन रांगेत. बाबा वजन पुकारत होते, मी मोबाइलात टाकत होतो. तीन नावं गेली, चौथ्याला चकरी फिरायला लागली. नेटवर्क येतं ते नाल्यापलीकडच्या धुऱ्यावर, तेही एक कांडी. काकू मोबाइलात डोकावून म्हणाली, "माहे अठरा किलो त्याच्यात गेले का नाही गेले?" मी काय सांगणार! बाबांनी काही न बोलता खिशातली वही काढली. मजुरी किलोवर असते, गजा. अठराचे सतरा झाले तर उद्या काकू दुसऱ्याच्या वावरात.

म्हणजे भाषा कोणती हा प्रश्न नंतरचा. नेट नसताना काय होतं, ते आधी पाहायचं होतं. सुपाबेस या तयार बॅकएंड सेवेवर जीव जडला होता, आत पोस्टग्रेसच आहे ना. पण तिथं ऑफलाइनचं सगळं आपणच जुळवायचं. शिवाय फुकटातल्या प्रोजेक्टला आठवडाभर कोणी हात लावला नाही तर तो थांबवून ठेवतात, आणि दोन वेच्यांच्या मधात इथं पंधरा-पंधरा दिवस शुकशुकाट असतो.

शेवटी गुगलचा ऑनलाइन डेटाबेस, फायरस्टोअर घेतलं. अँड्रॉइडवर ऑफलाइन साठवण आपोआप चालू असते, नेट आलं की नोंदी वर जातात. फुकटात दिवसाला 20,000 नोंदी लिहिता येतात. आमच्या चाळीस बायांची दोन टायमाची वजनं म्हणजे 80.

तरी पहिल्या दिवशी पुन्हा तीच चकरी! डोकं धरून बसलो. रात्री उमगलं, कोडात नोंद लिहिण्याच्या ओळीला मीच 'अवेट' लावलेला, म्हणजे 'काम होईस्तोवर थांब'. सर्व्हरची पोच येईपर्यंत ॲप पुढं हलतच नाही. नोंद मोबाइलात केव्हाच उतरली होती. अवेट काढला, चकरी गेली.

दुसरा घोळ जास्त महागात पडला असता. मी बाईगणिक एकच एकूण आकडा ठेवला होता. बाबांचा फोन आणि माझा, दोन्ही नेटविना. धुऱ्यावर आल्यावर ज्याचा आकडा मागून पोचला तोच राहिला, आधीचा पुसला गेला. नशीब, वही होती. ती उघडून पाहिली तर बाबा कधी खोडतच नाहीत. चुकलं की खाली नवी ओळ, 'दोन किलो कमी'. आता ॲपमध्येही तसंच: प्रत्येक गाठोड्याची वेगळी नोंद, दुरुस्तीचीही वेगळी, आणि बेरीज मोबाइल करतो. नोंदीचा आयडी फोनमध्येच तयार होतो, त्यासाठी सर्व्हरला विचारावं लागत नाही.

तू म्हणशील, उद्या गावं वाढली, मुकादमवार रिपोर्ट लागले तर फायरस्टोअर जड जाईल. जाईलच. तेव्हा तुझं पोस्टग्रेस घालू. सध्या चाळीस बाया आहेत.

एक काम कर. नोंदी कोणी वाचायच्या-लिहायच्या ते ठरवणारे फायरस्टोअरचे रूल्स अजून टेस्ट मोडवर आहेत, ते नीट लिहायला मदत लागेल; टेस्ट मोड म्हणजे 30 दिवस दार सताड उघडं आणि मग एकदम बंद. त्यातले बारा गेले. संक्रांतीची वाट पाहू नको, या रविवारीच ये. तुरीच्या शेंगा भरल्यात, आई मीठ घालून उकडून ठेवीन म्हणते. लॅपटॉप आण, माझ्याची बॅटरी गेली आहे.

तुझा,
बाल्या