पुरानंतरचा दुसरा पंचनामा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या. दोन्ही वेळी माणसे बाहेर काढण्यासाठी तालमी-मंडळांच्या पोरांपासून लष्करापर्यंत सगळे धावले. मला लिहायचे आहे ते पाणी उतरल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांविषयी.

पाणी ओसरल्यावर लवकरच तलाठी-ग्रामसेवक येऊन पंचनामा करतात आणि त्या दिवशी उभी असलेली भिंत कागदावर कायमची उभी राहते. करवीर आणि शिरोळ तालुक्यांच्या नदीकाठी मातीच्या भिंतींची जुनी घरे अद्याप आहेत. पाण्यात तग धरून राहिलेली अशी भिंत ऊन लागून वाळू लागली की तडकते आणि मग एका रात्रीत बसते. २०१९ मध्ये आमच्या शेजाऱ्यांची मागची भिंत पाणी ओसरल्यावर तीन आठवड्यांनी, ऐन गणपतीत कोसळली. तोवर यादी पूर्ण झाली आहे, एवढेच उत्तर त्यांना मिळाले. म्हणून पुरानंतर साधारण सहा आठवड्यांनी दुसरा पंचनामा करण्याची तरतूद असावी, अशी माझी विनंती आहे. त्या वेळी भाडेकरूंचीही नोंद व्हावी, कारण घर मालकाचे असले तरी भिजलेला संसार भाडेकरूचाच असतो.

दुसरी गोष्ट बेगमीची. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटून होते, सांडगे-पापड वाळतात, तांदूळ-जोंधळा भरून ठेवला जातो आणि पूर येतो तो हे सारे डबे भरलेले असताना. २०१९ च्या पुरानंतर सानुग्रह म्हणून ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार रुपये मिळाले, त्याचा आधार झालाच. पण आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी-घरगुती सामानासाठी २,५०० रुपये एवढीच रक्कम धरलेली होती. गाद्या, शेगडी, कुकर यांपुढे ती जात नव्हती; वर्षाच्या चटणीचा तर कोणत्याच रकान्यात उल्लेख नव्हता.

दात्यांविषयीही थोडे, रागावू नये ही विनंती. पहिल्या आठवड्यात आमच्या भागात जुन्या कपड्यांचे एवढे ढीग आले की ते ठेवायला कोरडी जागा उरली नाही (त्यांत लग्नातले कोटही होते), आणि दिवाळीच्या सुमारास, जेव्हा माणसे खरोखर घर लावायला बसली, तेव्हा विचारायला कोणी नव्हते. मंडळांनी आणि संस्थांनी जमलेल्या निधीतील निम्मा भाग राखून ठेवावा, दीड-दोन महिन्यांनी घरोघरी जाऊन त्या घरातील बाईलाच काय हवे ते विचारावे आणि शक्यतो रोख रक्कम द्यावी. एखादीला पिंप लागेल, एखादीला शिलाई मशीनची मोटर, एखादीला मुलाच्या वह्या-पुस्तकांचे पैसे. बाहेरून बांधून आणलेल्या एकसारख्या संचात हे बसत नाही.

दुसऱ्या पंचनाम्याचा आदेश पूर आल्यावर काढून चालणार नाही. तो पावसाळ्याआधी, बोटींची तपासणी होते त्याच बैठकीत ठरावा.

आपली,
एक पूरग्रस्त वाचक, कोल्हापूर