च्युइंगमच्या पाकिटावरचा 420 गावाला वाचता येऊ द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्याकडे खर्रा पानठेल्यावर घोटून, पन्नीत बांधून मिळतो. त्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि शेवटी घास घेण्याइतकेही तोंड उघडत नाही. हे आपल्या खात्याला नव्याने सांगायला नको.

खर्रा सोडायचे मनावर घेतलेल्या माणसाचे तोंड मात्र रिकामे राहायला तयार नसते. मग तो त्याच ठेल्यावरून 'शुगर फ्री' च्युइंगम घेतो. बाप चघळतो म्हणून पोरेही चघळतात. मला याचा राग नाही, उलट खर्ऱ्यापेक्षा ते कितीतरी बरे. जेवणानंतर वीसेक मिनिटे बिनसाखरेचे च्युइंगम चघळले की लाळ भरपूर सुटते, आणि लाळच दातांवरचे आम्ल धुऊन काढते. तोंडातले जंतू साखर खाऊन हे आम्ल तयार करतात आणि त्यानेच दात किडतो. झायलिटॉल या गोडीपासून त्या जंतूंना आम्ल करता येत नाही. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात 1970 च्या दशकात यावर मोठा अभ्यास झाला, तेव्हापासून झायलिटॉल दंतवैद्यांच्या बोलण्यात आहे. झायलिटॉलसारखेच गोडीसाठी वापरले जाणारे सॉर्बिटॉल स्वस्त असते. जंतू त्यापासूनही थोडेफार आम्ल करतात, पण साखरेच्या मानाने फार सावकाश.

आता पाकीट हातात घ्या. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत घटक छापलेले असतात आणि गोडीच्या जागी बरेचदा नुसते आकडे: 420, 965, 951, 967. यातला 420 म्हणजे सॉर्बिटॉल, 965 माल्टिटॉल, 951 अॅस्पार्टेम आणि 967 झायलिटॉल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे 967 शेवटी आले तर झायलिटॉल नावालाच. हे सातवीच्या पोराला एका तासात शिकवता येते, मी शिकवलेही. पण त्याच्या आजीला कोण सांगणार? केंद्राच्या नियमानुसार लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत चालते. मराठी छापायला मनाई नाही, पण सक्तीही नाही.

माहिती नसली की अफवेचे फावते. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अॅस्पार्टेमला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकले. ती बातमी मोबाइलवरून गावात आली आणि एक पालक मला म्हणाले, "मॅडम, त्यापेक्षा खर्राच बरा!" त्याच संस्थेने तंबाखू आणि सुपारी या दोन्हींना कर्करोगकारक म्हणून पक्के ठरवलेले आहे, शक्यता म्हणून नव्हे. आणि अॅस्पार्टेमची दिवसाची मर्यादा, शरीराच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम, 2023 नंतरही तीच आहे. च्युइंगमच्या एका गोळीत ते अगदी थोडे असते. हे त्या पालकांना आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मराठीत वाचायला मिळाले असते तर?

म्हणून मागणे असे. प्रत्येक उपकेंद्रात आणि शाळेत या चार आकड्यांचा मोठ्या अक्षरांतला मराठी तक्ता लावा. बिनसाखरेचे च्युइंगम जास्त खाल्ल्यास पोट बिघडते, आंबट चवीच्या बिनसाखरेच्या गोळ्यांतले आम्लही दात झिजवते, आणि ब्रश व फ्लोराइडच्या पेस्टला पर्याय नाही, हेही त्यावर असू द्या. मेडिकलमधले तंबाखू सोडण्यासाठीचे निकोटिनचे च्युइंगम वेगळे आहे, ते पोरांना द्यायचे नाही, ही ओळ तर ठळक हवी. ज्याचे तोंड आधीच कमी उघडते त्याने च्युइंगमच्या भरवशावर न राहता दवाखाना गाठावा, हेही सांगा. लेबलवर मराठी सक्तीची करण्यासाठी राज्याने केंद्राला लिहावे.

आणि एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, पोरांचे दात बघते, चिठ्ठी लिहून देते. ती चिठ्ठी घेऊन मजुरी बुडवून आईबापांनी जिल्ह्याच्या गावी जायचे, म्हणून ती दप्तरातच राहते. महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी दाताचे डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतील, एवढा आदेश काढा. पोरांना तिथवर घेऊन जायची जबाबदारी आम्ही शिक्षक घेतो.

आपली,
एक शिक्षिका, गडचिरोली जिल्हा