ताई, एक बिल धरून चालायला शिकवलंत

ताई, सप्रेम नमस्कार.

घरी गौरी-गणपती, बडोद्याच्या दांडिया बाजारात पाहुणे खोळंबलेले, तरी त्या संध्याकाळी तुम्ही स्टूल ओढून माझ्याशेजारी बसलात. नोकरीचा तिसरा आठवडा होता. बिलिंगचा तो जावा भाषेतला अवाढव्य प्रोजेक्ट मी पहिल्या फोल्डरपासून पोथीसारखा वाचत होतो आणि डोक्यात काही म्हणजे काही राहत नव्हतं.

तुम्ही विचारलंत, "बडोदं काय गल्लीबोळ पाठ करून कळलं तुला?" जुन्या शहराच्या मधोमध मांडवीपाशी उभं राहायचं, शहराच्या चार दरवाज्यांपैकी एक धरायचा आणि तिथपर्यंत चालत जायचं. तसं एकच बिल धर, म्हणालात. स्क्रीनवरचे 'देय रक्कम' हे शब्द रिपग्रेपने, म्हणजे सगळ्या फायलींत मजकूर शोधणाऱ्या साधनाने, कोडमध्ये शोधले, तिथे ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायची खूण, लावला. प्रोग्रॅम थांबला, तेव्हा कॉल स्टॅक, म्हणजे तिथवर एकमेकांना बोलावत आलेल्या फंक्शन्सची यादी, खालून वर वाचायला लावलात. कोणत्या फंक्शनने कुणाला हाक मारली ते मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बाण काढून लिहीत गेलो. तीन आठवड्यांत जे जमलं नव्हतं, ते तासाभरात कागदावर आलं.

मग ती ओळ आली: रक्कम शून्य असली तरी बिल छाप. मी ती उडवायला निघालो होतो. तुम्ही माझा हात थांबवलात. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या 'ब्लेम' या आज्ञेने दाखवलेला बदल नुसता मोकळ्या जागा नीट करण्याचा निघाला, कारण ब्लेम ओळीला शेवटचा हात कुणी लावला तेवढंच सांगतं. तेव्हा तुम्ही गिट लॉगला, म्हणजे बदलांचा इतिहास दाखवणाऱ्या आज्ञेला, मोठ्या एसचा (-S) पर्याय देऊन तो मजकूर पहिल्यांदा कोडमध्ये कधी आला ते शोधलंत. त्या कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात लिहिलं होतं: खराब माल बदलून दिला तर गाडीसोबत शून्याचंही बिल लागतं. कुणीतरी ती एक ओळ लिहून ठेवली म्हणून मी वाचलो. तेव्हापासून माझे कमिट संदेश मी 'का' या शब्दाला धरून लिहितो.

निघताना म्हणालात, गिट 2005 साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी (कर्नलसाठी) लिहिलं गेलं, आणि तो सगळा कोड कुणा एकाच्या डोक्यात मावत नाही. ताई, त्या वाक्याने माझ्या मनावरचं ओझं उतरलं. काही विचारायची लाज वाटत होती, तीही गेली.

तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे. रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबपाशी तुम्ही काढलेलं प्रश्नचिन्ह तसंच आहे; सोमवारी तो धागा हातात घेतोय.

मनापासून आभार.

आपला,
बिलिंग टीममधला धाकटा भाऊ