ठेकेदार बदलला की आमची सर्व्हिस शून्य

संपादक साहेब, नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कंपनीत पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडे, ११ वर्षं झाली. एवढ्यात ठेकेदार चार झाले, मशीन तेच, सुपरवायझर तोच, बॅगाही त्याच ५० किलोच्या, फक्त गेटपासवरचं नाव बदलते अन् ते बदललं की आमची सर्व्हिस परत शून्यावर. ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं लागतात म्हणतात, इथे ठेकाच तीन वर्षांच्या वर चालत नाही, मग ५ भरतील कुठून?

परवा पुतण्यानं कंपनीचा वार्षिक अहवाल मोबाईलवर उघडून दिला. लिस्टेड कंपनी आहे, म्हणजे शेअर बाजारात असलेली, छापावंच लागते. कॉर्पोरेट गव्हर्नन्सची, म्हणजे कंपनीचा कारभार कसा चालतो याची, पानंच्या पानं, कोणता स्वतंत्र संचालक किती मीटिंगला आला, सगळं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं एमडीचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट तेही सांगावं लागते. मधला म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधोमध येणारा. पण हा मधला कर्मचारी कोण, तर कंपनीच्या पेरोलवरचा. आम्ही ठेकेदाराच्या मस्टरवर, त्या रांगेत उभेच नाही. आम्हाला धरलं असतं तर किती पट झाली असती याचा हिशोब पुतण्या करत बसला, मी म्हटलं जाऊ दे बाप्पा.

त्या अहवालातच व्हिसलब्लोअर पॉलिसीही आहे, म्हणजे आतला गैरप्रकार कळवायची सोय, थेट ऑडिट कमिटीच्या (हिशोबावर नजर ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीच्या) अध्यक्षाकडे तक्रार करता येते म्हणे, पण सगळं इंग्रजीत. आमच्या गेटवर एक सूचना पेटी आहे, तिला कुलूप, अन् चावी एचआरकडे!

दिवाळीच्या आधी पासबुक पाहिलं तर तीन महिन्यांचा पीएफ भरलेलाच नव्हता, पगारातून मात्र कापला होता. एचआरमध्ये गेलो तर म्हणे तुम्ही आमचे नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणे कंपनीनं बिल अडकवलं. अन् कायदा तर सांगतो ठेकेदारानं नाही भरलं तर मूळ मालकानं, म्हणजे कंपनीनं भरावं. एचआरमधले पोट्टे वाईट नाहीत, पण त्यांना वरून विचारतात ते माणसामागे खर्च किती कमी केला, पीएफ भरला का हे कोणी विचारत नाही, मग ते तरी काहून पाहतील? पीएफचं चलान जोडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघणार नाही, एवढा एक नियम बोर्डानं केला तर किती झगडे वाचतील. तक्रारीचा नंबरही मराठीत गेटवर लिहा ना.

पुढच्या महिन्यात पाचवा ठेकेदार येतो आहे. दोन फोटो अन् आधारची झेरॉक्स आताच मागितली.

एक ठेका कामगार, जि. चंद्रपूर
(कृपया नाव छापू नये)