तू टॉवेल फेकलास तेव्हा

प्रिय मित्रा,

आठ महिने तुझा फोन उचलला नाही. बॉक्सिंगच्या त्या लढतीत, सातव्या राउंडला तू रिंगमध्ये टॉवेल फेकून माझी हार मान्य केलीस आणि मला वाटलं, आपल्याच माणसाने घात केला. आज लिहून देतो, तू बरोबर होतास. त्या राउंडमधलं मला काहीच आठवत नाही, तुझ्या हाकासुद्धा नाहीत.

गेल्या महिन्यात परत उतरायचं जवळजवळ ठरलं होतं. जो तो बॉक्सर जॉर्ज फोरमनचा दाखला देतो. १९९४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, दहाव्या राउंडला मायकेल मूररला झोपवून तो पुन्हा जगज्जेता झाला. खरंच आहे. पण १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं तो रिंगमध्ये नव्हता, हे कोणी बोलत नाही. मी कुठे एक वर्ष तरी डोक्याला विसावा दिला? मुहम्मद अलीचं नाव तर कोणीच काढत नाही. २ ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्सने, त्याच्याच जुन्या स्पारिंग पार्टनरने, त्याला दहा राउंड झोडपलं. मग अलीच्या ट्रेनरने, अँजेलो डंडीने, लढत थांबवली. परवा ती पुन्हा पाहिली. या वेळी माझी नजर अलीवर नव्हती, डंडीवर होती. अली तरीही पुढच्या वर्षी बर्बिकशी लढला आणि हरला.

पहाटे पाचला अजून आपोआप जाग येते. हाताला बँडेज बांधतो. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या गाठींवरून. बांधून झालं की तसाच बसून राहतो, कधी अर्धा तास.

टाळ्यांची आठवण येत नाही रे. दोन राउंडांमधलं ते एक मिनिट आठवतं. तीन मिनिटं झुंजून स्टुलावर बसलो की तू समोर उकिडवा बसायचास, माउथगार्ड काढून पाणी द्यायचास, भुवईवर व्हॅसलीन चोळायचास आणि एकच गोष्ट सांगायचास, ‘डावा हात वर ठेव.’ आता दिवसच्या दिवस जातो, घंटा काही होत नाही.

आणखी एक. बोलताना साधे शब्द निसटतात. शर्टाचं वरचं बटण लावायला वेळ लागतो. घरी कोणाला सांगितलेलं नाही. मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. सोबत जवळचं माणूस आणा, म्हणाले. माझ्यात काय बदललंय हे मला कसं कळणार? वीस वर्षं तू मला चार हातांवरून पाहिलं आहेस. तू ये, आणि जे दिसलं ते माझ्यासमोर सांग. मी ऐकून घेईन. सकाळी नऊला तुझ्या दाराशी येतो.

तुझाच